किडनीचा आजार: लघवीच्या पट्टीपासून प्रत्यारोपणापर्यंत, लेकरांचं वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं

सकाळी उठल्यावर लेकराचे डोळे सुजलेले दिसतात. दुपारपर्यंत सूज उतरते, म्हणून घरात कुणी म्हणतं डास चावला असेल, कुणी म्हणतं डोळे आलेत. आठवडाभर डोळ्यांत थेंब घातले जातात. मग पोट फुगतं, पाय भरतात, चड्डीचं इलास्टिक कमरेत रुतायला लागतं आणि तेव्हा कुठं लघवी तपासली जाते. मोठ्या माणसाचं याच्या उलट असतं. त्याला काहीच होत नाही. शुगरची गोळी दहा वर्षं चालू असते, लघवीला थोडा फेस येतो, पण दुखत काही नाही. उलट्या आणि धाप सुरू झाल्यावर रक्त तपासलं जातं, तोवर क्रिएटिनिन (किडनीनं गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) आठवर गेलेलं असतं.

आजार एकाच अवयवाचा असला तरी लेकराची आणि मोठ्या माणसाची वाट वेगळी आहे. लेकराला सूज आणणारा सर्वांत नेहमीचा आजार गोळ्यांनी आटोक्यात येतो, फक्त गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. मोठ्यांची मधुमेह-बीपीतून झिजलेली किडनी पुन्हा भरून येत नाही, पण झीज बरीच वर्षं थोपवता येते. दोन्हीकडं वेळेवर कळणं महत्त्वाचं, आणि ते साध्या लघवीच्या तपासणीतून कळतं.

आधी आकडा नीट वाचा

रिपोर्टवर क्रिएटिनिनसमोर ०.६ ते १.२ असं छापलेलं असतं आणि सगळे तेवढंच बघतात. हा आकडा एकटा फसवतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, त्यामुळं अंगानं किरकोळ बाईचं आणि धिप्पाड गड्याचं १.४ सारखं नसतं. खरा आकडा ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज. साठ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.४ असेल तर तिचा ईजीएफआर ४३ च्या आसपास येतो. 'थोडंच वाढलंय' म्हणून सोडून दिलेला हा आकडा प्रत्यक्षात तिसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धातला आहे.

टप्पे असे: ९० च्या वर पहिला, ६० ते ८९ दुसरा, ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ असे तिसऱ्याचे दोन भाग, १५ ते २९ चौथा, १५ च्या खाली पाचवा. पहिल्या दोन टप्प्यांत लघवीत प्रथिनं किंवा सोनोग्राफीत दोष असेल तरच त्याला आजार म्हणतात. आणि बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच तो जुनाट. जुलाब-उलट्यांत एकदा वाढलेलं क्रिएटिनिन बघून कुणी 'किडनी गेली' म्हटलं तर घाबरून जाऊ नका, ते बहुतेक वेळा खाली येतं. मात्र ते खाली आलं का, हे पुन्हा रक्त तपासून बघावंच लागतं.

लेकरांचा हिशेब उंचीवर चालतो आणि तो घरीही करता येतो. उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, ०.४१३ ने गुणा, क्रिएटिनिननं भागा. १०० सेंटिमीटर उंचीच्या चार वर्षांच्या पोराचं क्रिएटिनिन ०.८ आलं, तर ०.४१३ गुणिले १०० म्हणजे ४१.३, भागिले ०.८, आले जवळपास ५२. लॅबच्या कागदावर ०.८ ला कुठलीही खूण नसते, कारण छापलेली मर्यादा मोठ्यांची असते. त्या वयात क्रिएटिनिन साधारण ०.३ ते ०.५ असतं, म्हणजे या पोराच्या किडनीचं काम निम्म्याच्या आसपास उतरलेलं आहे. रिपोर्ट दाखवताना लेकराची उंची त्यावर पेननं लिहून न्या. हे सूत्र एन्झायमॅटिक पद्धतीच्या क्रिएटिनिनसाठी आहे, तेव्हा लॅबला पद्धत विचारून घ्या.

मधुमेह किंवा बीपी असलेल्यानं वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यात: रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन). हे प्रमाण ३० च्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे सुरुवात, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. ही गळती क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधी दिसते. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाल्या दिवसापासून सुरू करायची.

लेकराची सूज: नेफ्रोटिक सिंड्रोम

या आजारात किडनीच्या गाळणीतून प्रथिनं लघवीत गळतात, रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं आणि पाणी अंगात मुरतं. बहुतेक लेकरं दोन ते सहा वर्षांची असतात. उपचार प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा. पहिल्या वेळी डोस किलोला २ मिलिग्रॅम रोज, कमाल ६० मिलिग्रॅम, पूर्ण सहा आठवडे. नंतर किलोला १.५ मिलिग्रॅम एक दिवसाआड, कमाल ४०, आणखी सहा आठवडे. म्हणजे १५ किलोच्या लेकराला रोज ३० मिलिग्रॅम आणि नंतर दिवसाआड २२.५. गोळी सकाळी, खाल्ल्यावर. डोस डॉक्टरच ठरवतील. तुम्ही लक्षात ठेवायचं ते बारा आठवडे.

गाडी अडते ती इथंच. दहा-पंधरा दिवसांत सूज उतरते, लेकराचं तोंड गोल व्हायला लागतं, भूक वाढते, आणि शेजारी सांगतात की स्टेरॉइडनं लेकरू फुगलं. गोळी बंद होते. दोन गोष्टी घडतात. आजार उलटतो. आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची सवय गोळीनं मोडलेली असल्यामुळं साध्या तापात लेकरू गळून जातं, बीपी उतरतो, जिवावर बेतू शकतं. गोल तोंड गोळ्या संपल्यावर पूर्ववत होतं. गोळी अचानक थांबवणं हीच या उपचारातली सर्वांत मोठी चूक.

घरी लघवी तपासायला शिकल्याशिवाय या आजाराचं पान हलत नाही. पद्धत अशी:

१. सकाळची पहिली लघवी स्वच्छ कोरड्या वाटीत घ्या.
२. पट्टी बुडवून लगेच काढा, वाटीच्या कडेला टेकवून जादा थेंब निथळू द्या.
३. डबीवर दिलेल्या वेळेइतकंच थांबा, बहुतेक ६० सेकंद, आणि उजेडात रंग जुळवा. उशिरा वाचलेली पट्टी खोटं जास्त दाखवते.
४. वहीत तारीख, पट्टीचा आकडा, वजन आणि त्या दिवशीचा डोस लिहा. ताप-खोकला असेल तर तेही.

पट्टीची डबी उघडी राहिली तर पावसाळ्यात पट्ट्या आठवड्यात खराब होतात. झाकण लगेच लावा, डबीतली ओल शोषणारी पुडी फेकू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. पट्टी मिळत नसेल तर जुनी रीत चालते: काचेच्या नळीत दोन तृतीयांश लघवी घेऊन वरचा भाग तापवा. गढूळ झाली तर पातळ अॅसेटिक अॅसिडचे दोन-तीन थेंब टाका. गढूळपणा गेला तर ते क्षार होते, राहिला तर प्रथिनं.

सलग तीन दिवस 'नाही' किंवा 'किंचित' आलं म्हणजे आजार आटोक्यात. सलग तीन दिवस ३+ किंवा ४+ आलं म्हणजे उलटला. तीन दिवसांचा नियम अशासाठी की उन्हाळ्यात लघवी घट्ट होते, साध्या तापातही एखाद दिवस १+ दिसतं, आणि तेवढ्यावर स्टेरॉइड वाढवू नये. उलटल्यावर डॉक्टर पुन्हा रोजचा डोस सुरू करतात तो लघवी तीन दिवस स्वच्छ येईपर्यंत, नंतर चार आठवडे दिवसाआड. अंगावर सूज दिसायच्या आधी पट्टीनं उलटणं पकडलं तर बहुतेक वेळा दवाखान्यात भरती व्हावं लागत नाही. वही ठेवण्याचं हेच मोल.

सूज असताना मीठ कमी, जेवण नेहमीचं. वरण, अंडं, दूध वयाप्रमाणं द्या. प्रथिनं गळतात म्हणून प्रोटीन पावडर कोंबू नका. लघवी वाढवणारी गोळी मेडिकलवरून स्वतः आणू नका: या लेकरांचं रक्त घट्ट असतं, अंगातलं पाणी एकदम काढलं तर गुठळी होऊ शकते. ताप आणि पोटदुखी एकत्र आली तर ती पोटातल्या पडद्याची जंतुबाधा समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. कांजिण्या आलेल्या घरात लेकरू गेलं असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. मोठा डोस चालू असताना गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत लसी देत नाहीत, न्यूमोकोकलची लस मात्र द्यायची असते. दिवसाआडच्या डोसवर असताना ताप-सर्दी झाली तर तोच डोस पाच-सात दिवस रोज द्यायला बरेच डॉक्टर सांगतात, ते आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढं काय होतं? दहातल्या आठ-नऊ लेकरांना स्टेरॉइड लागू पडतं. त्यातल्या बहुतेकांना आजार पुन्हा उलटतो, काहींना वर्षात अनेकदा, आणि त्यांना लेव्हामिसोल, मायकोफेनोलेट यांसारखी दुसरी औषधं लागतात. तरी स्टेरॉइड लागू पडणाऱ्या लेकरांची किडनी सहसा शाबूत राहते आणि वयात येताना बऱ्याच जणांचा आजार मागं पडतो. सहा आठवडे रोज गोळी देऊनही लघवी स्वच्छ झाली नाही तर वाट बदलते: किडनीचा तुकडा काढून तपासणी, जनुकीय तपासणी, टॅक्रोलिमससारखं औषध. त्यासाठी लेकरांच्या किडनीतज्ज्ञाकडंच जावं, मग पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागलं तरी चालेल.

घशाच्या किंवा कातडीच्या जंतुबाधेनंतर काही दिवस-आठवड्यांनी कोला रंगाची लघवी, सूज आणि बीपी वाढणं हा वेगळा आजार. तो बहुतेक लेकरांत पूर्ण बरा होतो, धोका बीपीचा. मुलगा लघवी करताना कुंथतो, धार बारीक, थेंब-थेंब पडते, असं असेल तर मूत्रमार्गात जन्मजात झडप असू शकते. सोनोग्राफीत पहिल्यांदा दिसते, शस्त्रक्रियेनं निघते, पण उशीर झाला तर दोन्ही किडन्या फुगून जातात. तान्ह्याला कारण न सापडणारा ताप आला तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी लघवीचं कल्चर घ्यायला सांगा. अंगणवाडी-शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना लेकराच्या धारेबद्दल, खुंटलेल्या उंचीबद्दल स्पष्ट सांगा. पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी तिथून मिळते.

मोठ्यांची किडनी: झीज थोपवायची कशी

बीपी १३० / ८० च्या आत, शुगर आटोक्यात, तंबाखू बंद. लघवीत गळती असेल तर रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन गटातलं औषध. ते सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर ते औषधाचं अपेक्षित काम आहे, तेवढ्यावर घाबरून गोळी सोडू नका. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. त्याच्या जोडीला डापाग्लिफ्लोझिन ही मूळची शुगरची गोळी आता मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही देतात, झीज मंदावते. शुगरची मेटफॉर्मिन ईजीएफआर ४५ च्या खाली निम्मी करतात, ३० च्या खाली बंद.

मराठवाड्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर रानात काम, पाणी कमी, रात्री कंबर धरते म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक किंवा एसेक्लोफेनॅकची गोळी, आणि वरून बीपीची टेल्मिसार्टन चालूच. यातलं प्रत्येक एकटं बहुतेकांना निभतं. तिन्ही एकत्र आले की किडनीतला रक्तपुरवठा कोसळतो आणि दोन दिवसांत लघवी बंद होऊ शकते. ऊसतोडीला जाणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या घरांत हे घडतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या. उलट्या-जुलाब लागले किंवा खाणं-पिणं सुटलं तर टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल, डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन आणि लघवीची गोळी तेवढे दिवस थांबवायची, नीट जेवायला लागल्यावर पुन्हा सुरू करायची. हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, जुलाब रात्री लागतात. भस्म आणि अनोळखी जडीबुटी टाळा. काहींत शिसं, पारा सापडतो आणि आधीच अधू किडनीला ते झेपत नाही.

साप चावला, विशेषतः घोणस, तर जखम भाजणं, चिरणं, मंत्र यांत तास घालवू नका. हालचाल कमी ठेवून सरकारी दवाखाना गाठा, प्रतिविष तिथं मोफत मिळतं. काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवलेलं रक्त गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. त्यानंतर चार-पाच दिवस लघवी मोजायची. ती घटली तर डायलिसिस लागू शकतं, आणि वेळेत मिळालं तर बहुतेकांची किडनी काही आठवड्यांत परत चालते.

ताटात काय

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा, सगळं धरून. भाकरीत मीठ नसतं हे आपलं भाग्य. पण सोबतचा ठेचा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे हिशेब ओलांडतात. सैंधव मिठातही सोडियमच असतं. 'लो सोडियम' मीठ तर घेऊच नका, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं आणि किडनीच्या रुग्णाचं हृदय त्यानं थांबू शकतं.

डायलिसिस नसलेल्या मोठ्या माणसाला किलोला ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात: ६० किलोला ४८ ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १०, एका अंड्यात ६, घट्ट वरणाच्या वाटीत ६-७ ग्रॅम. म्हणजे डाळ पूर्ण तोडायची गरज नाही, 'किडनीवाल्यानं वरण खाऊ नये' या सल्ल्यानं माणसं हाडांचा सापळा होतात. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रथिनं वाढवायची, किलोला १ ते १.२ ग्रॅम. लेकरांची प्रथिनं कधीच तोडू नका, उंची खुंटते.

पोटॅशियम फक्त रक्तात वाढलेलं असेल तरच सांभाळा. मग नारळपाणी, केळी, फळांचे रस बंद, आणि बटाटा-पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून फोडणी द्या. पाण्याबाबत दोन टोकाचे नियम आहेत. मुतखडा असलेल्यानं इतकं प्यावं की लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर होईल. सूज असलेल्या किंवा डायलिसिसवरच्या माणसानं आदल्या दिवशीची लघवी अधिक अर्धा लिटर, एवढंच, चहा-ताक-आमटी धरून. 'किडनीला पाणी चांगलं' म्हणून दुसऱ्याला पहिल्याचा नियम लावला की तो धाप लागून दवाखान्यात येतो.

डायलिसिस यायच्या आधी

ईजीएफआर २० च्या आसपास आला की तयारी सुरू करा, त्रासाची वाट बघू नका. हिपॅटायटिस बी ची लस दुप्पट डोसमध्ये ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. ज्या हातानं काम करत नाही तो हात राखून ठेवा, त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. त्या हातात फिस्टुला करतात, म्हणजे शीर आणि धमनी जोडतात. ती वापरायोग्य व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. हे आधी न केल्यामुळं बहुतेकांची सुरुवात मानेतल्या नळीनं होते, आणि थंडी वाजून ताप येणं, रक्तात जंतू जाणं हे तिथूनच.

फिस्टुलावर रोज सकाळी बोटं ठेवा. मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर त्याच दिवशी, काही तासांत सर्जनकडं जा, उशीर झाला तर गुठळी निघत नाही. त्या हातावर बीपी मोजू नये, घड्याळ-बांगडी घट्ट नको, उशाला हात घेऊन झोपू नये, घागर-पोतं उचलू नये. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम मात्र करा.

हिमोडायलिसिस आठवड्याला तीन वेळा, प्रत्येकी चार तास. गाव लांब म्हणून दोनदाच जाणं अंगवळणी पडतं. मधल्या मोठ्या अंतरात पोटॅशियम आणि पाणी साठतं, आणि धोका त्याच दिवसांत सर्वांत जास्त. ५५ किलो कोरडं वजन (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) असेल तर दोन डायलिसिसमध्ये दोन किलोंच्या वर वजन चढू देऊ नका. जास्त चढलं तर तेवढं पाणी चार तासांत ओढताना बीपी कोसळतो, पायात गोळे येतात.

लहान लेकराला आणि लांबच्या तांड्यावरच्या माणसाला पोटातून होणारं डायलिसिस अनेकदा बरं पडतं. मोठ्या माणसाला दिवसात तीन-चार वेळा दोन लिटरची पिशवी घरीच बदलायची, लेकराला आकारमानाप्रमाणं कमी. हात धुणं, दार बंद, पंखा बंद, तोंडावर मास्क. बाहेर आलेलं पाणी ढगाळ दिसलं तर ती पिशवी न फेकता सोबत घेऊन लगेच केंद्र गाठा.

हिमोग्लोबिनसाठी लोह आणि एरिथ्रोपोएटिनचं (रक्त वाढवणारं) इंजेक्शन घ्या, उठसूट रक्त चढवू नका: प्रत्येक पिशवीनं पुढं दुसऱ्याची किडनी जुळणं अवघड होतं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही आहेत. शिधापत्रिका, आधार आणि ताजे रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, चौकशी १५५३८८ वर. शिधापत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा, ऐन वेळी फाईल तिथंच अडते. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली, २०१६ पासून, गरिबांना मोफत डायलिसिस मिळतं.

प्रत्यारोपण

लेकरासाठी शक्यतो हाच मुक्काम, कारण डायलिसिसवर उंची नीट वाढत नाही. वजन साधारण दहा किलो झालं की बहुतेक केंद्रं विचार करतात. आई-वडील, भावंडं, पती-पत्नी, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं हे कायद्यानं जवळचे नातेवाईक. रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या जोडीशी अदलाबदल करता येते. देणारं कुणी नसेल तर नोंद छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत, नोंदणीकृत रुग्णालयामार्फत. जिवंत दात्याची किडनी पहिल्या वर्षी शंभरात नव्वदहून जास्त जणांत चालू असते. नंतर ती जाते ती बहुतेक गोळ्या चुकल्यानं, आणि सर्वांत जास्त चुकतात ते सोळा ते वीस वर्षांची पोरं. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमस बारा तासांच्या अंतरानं, मोबाइलला गजर लावून. बुरशीवरची फ्लुकोनॅझोल किंवा जंतूंवरची क्लॅरिथ्रोमायसिन घेतली तर टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते, क्षयाच्या रिफॅम्पिसिननं उतरते, म्हणून गल्लीतल्या दवाखान्यातही चिठ्ठी लिहिण्याआधी 'माझी किडनी बसवलेली आहे' हे सांगा.

रात्री निघायचं ते कधी

आडवं झाल्यावर धाप लागते, बारा तास लघवी नाही, छाती धडधडून हातपाय लुळे पडतात, लेकराला झटका येतो किंवा डोकं दुखून दिसेनासं होतं: १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. सोबत वही, शेवटचा क्रिएटिनिन-पोटॅशियमचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि शिधापत्रिका घ्या. डायलिसिसवरचा माणूस असेल तर कोरडं वजन आणि शेवटच्या डायलिसिसची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलेली असू द्या, आणि सलाईन लावायला आलेल्याला फिस्टुलाचा हात आधी दाखवा.